राउटरला वेळेची केबल जोडताना

मोबाइल कंपनीच्या मोठ्या साइटवर रॅकमध्ये बसवलेल्या राउटरकडे पाहिले, तर डेटासाठीच्या फायबर पोर्टांच्या रांगेशेजारी काही वेगळे पोर्ट दिसतात. सिस्कोच्या एएसआर ९०३ या राउटरचे उदाहरण घेऊ. त्याच्या नियंत्रण कार्डावर नेहमीच्या लॅनच्या सॉकेटसारखे दिसणारे, पण ‘बिट्स’ (इमारतीच्या सामायिक घड्याळाचा सिग्नल) आणि ‘टीओडी’ (तारीख-वेळ) असे लिहिलेले सॉकेट असतात. त्यांच्याजवळ ‘१० मेगाहर्ट्झ’ आणि ‘१ पीपीएस’ (सेकंदाला एक ठोका) अशा खुणा असलेले छोटे गोल कनेक्टर असतात, आणि प्रत्येक खुणेचा एक कनेक्टर सिग्नल आत घेण्यासाठी तर दुसरा बाहेर देण्यासाठी असतो. नव्या पिढीच्या अनेक राउटरांवर यांच्या जोडीला उपग्रहाच्या अँटेनासाठी स्वतंत्र पोर्टही असतो. या पोर्टांतून ग्राहकाचा एकही कॉल किंवा व्हिडिओ जात नाही. राउटरने कोणत्या ठोक्यावर चालायचे आणि आत्ता नेमके किती वाजले आहेत, एवढेच तेथून त्याला कळवले जाते.

डेटाची केबल चुकीची जोडली तर लिंक वर येत नाही किंवा पॅकेट गळू लागतात, आणि काही मिनिटांत कोणीतरी तक्रार करते. टायमिंगच्या केबलचे तसे नाही. ती केबल चुकीच्या प्रकारची असली, किंवा तिची लांबी कोणी नोंदवलेलीच नसली, तरी राउटर ‘लॉक झाला’, म्हणजे घड्याळाशी जुळला, असेच सांगतो, अलार्म येत नाही, आणि काही शे नॅनोसेकंदांची चूक पुढच्या प्रत्येक टॉवरपर्यंत मुकाट्याने पोहोचते. त्यामुळे हे जोडकाम करणाऱ्याला केबलमधून नेमके काय जाते हे समजलेले असणे मला अत्यावश्यक वाटते. नुसता आकृतीबरहुकूम प्लग लावून हे काम होत नाही.

इतकी काटेकोर वेळ कोणाला लागते

राउटरला स्वतःला पॅकेट पुढे ढकलण्यासाठी अशा वेळेची गरज नसते. ती गरज त्याच्या पलीकडच्या टॉवरची असते. भारतात २०२२ मध्ये ५जी साठी लिलाव झालेला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा, तसेच ४जी साठी वापरला जाणारा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, हे दोन्ही टीडीडी पद्धतीने चालतात. या पद्धतीत टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात: काही क्षण टॉवर बोलतो आणि फोन ऐकतात, मग फोन बोलतात आणि टॉवर ऐकतो. शेजारच्या टॉवरचे घड्याळ थोडे पुढे किंवा मागे गेले, तर हा टॉवर ऐकत असताना तो बोलू लागतो. टॉवर कित्येक वॅट शक्तीने बोलतो, तर हातातला फोन साधारण ०.२ वॅटने, त्यामुळे शेजाऱ्याच्या आवाजात फोनचा क्षीण सिग्नल पार बुडून जातो.

हे टाळण्यासाठी असा दंडक आहे की, ज्यांचे क्षेत्र एकमेकांवर येते अशा टॉवरांच्या वेळेत ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त फरक असू नये, म्हणजे प्रत्येक टॉवर सामायिक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत असावा. दीड मायक्रोसेकंदात प्रकाश सुमारे ४५० मीटर जातो. आणि ही सगळी सवलत केबलच्या वाट्याला येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तिची जी नमुनादाखल वाटणी केली आहे, तीत उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या मूळ घड्याळाला १०० नॅनोसेकंद, वाटेतल्या राउटरांना मिळून ५५०, फायबरच्या दोन दिशांमधील असमानतेला २५०, वाटेतल्या अस्थिरतेला २००, आणि उरलेले ४०० नॅनोसेकंद टॉवरचे स्वतःचे उपकरण व आणीबाणी यांसाठी ठेवलेले आहेत. म्हणजे एका केबलमुळे ५० नॅनोसेकंद चुकले, तर मूळ घड्याळाच्या वाट्यातला निम्मा हिस्सा तेथेच संपतो.

वेळ जुळणे ही एकच गोष्ट नव्हे, हेही येथे स्पष्ट करायला हवे. मैफलीत दोन तबलजी एकाच लयीत वाजवत असतील, पण एकाची सम दुसऱ्याच्या पाचव्या मात्रेवर पडत असेल, तर ते एकत्र वाजवत आहेत असे कोणी म्हणणार नाही. लय जुळणे म्हणजे फ्रिक्वेन्सी जुळणे. सम एकाच क्षणी येणे म्हणजे फेज जुळणे. आणि कितवे आवर्तन चालू आहे हे दोघांनाही ठाऊक असणे म्हणजे तारीख-वार-तास-सेकंद जुळणे. बिट्स आणि १० मेगाहर्ट्झ या केबल फक्त लय देतात, १ पीपीएसची केबल सम दाखवते, आणि टीओडीची केबल आवर्तनाचा क्रमांक सांगते. जुन्या २जी आणि ३जीच्या बहुतेक जाळ्यांना फक्त लय पुरत असे. टीडीडीला लय आणि सम दोन्ही लागतात, आणि तेथूनच केबलच्या लांबीचा प्रश्न ऐरणीवर येतो.

लॅनसारखे दिसणारे सॉकेट

बिट्स पोर्टाला इमारतीतल्या सामायिक घड्याळाकडून सिग्नल मिळतो. मोठ्या एक्सचेंजमध्ये असे एक घड्याळ असते आणि सर्व उपकरणे त्याच्यावरून आपली लय जुळवून घेतात. भारतात हा सिग्नल ई१ पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला २०.४८ लाख बिटांचा असतो, किंवा नुसता २.०४८ मेगाहर्ट्झचा ठोका असतो. अमेरिकेत त्या जागी टी१, म्हणजे सेकंदाला १५.४४ लाख बिट असतात, आणि राउटरवर कोणता प्रकार वापरायचा ते आधी ठरवून द्यावे लागते.

या पोर्टाचे सॉकेट आकाराने लॅनसारखेच असते, म्हणून हाताशी असलेली कोणतीही पॅच कॉर्ड लावण्याचा मोह होतो. आतली जुळणी मात्र वेगळी आहे. बिट्समध्ये पिन १ आणि २ वर सिग्नल आत येतो, आणि ४ व ५ वर बाहेर जातो. १०० मेगाबिटच्या लॅनमध्ये १-२ आणि ३-६ अशा जोड्या असतात. सरळ जोडलेल्या चांगल्या पॅच कॉर्डमध्ये ४-५ ही स्वतंत्र पिळाची जोडी असल्याने सिग्नल पोहोचतोही. पण दोन उपकरणे समोरासमोर जोडायची असतील आणि त्यासाठी लॅनची क्रॉस केबल वापरली, तर ती १-२ ची अदलाबदल ३-६ शी करते, येथे मात्र १-२ ची अदलाबदल ४-५ शी हवी असते. परिणामी सिग्नल भलत्याच पिनांवर जातो. योग्य केबल म्हणजे शील्ड असलेली, १२० ओहमची, पिळाच्या जोड्यांची आणि दोन्ही टोकांची पिन-जुळणी कागदावर तपासून घेतलेली. समोरच्या घड्याळाचे आउटपुट ७५ ओहमच्या कोॲक्सवर, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलवर येत असेल, तर मध्ये दोन्हींची जुळणी करणारा ‘बलून’ नावाचा छोटा जोड बसवावा लागतो.

आणखी एक गोष्ट अनेकदा नजरेआड होते. बिट्स आणि टीओडी हे पोर्ट इमारतीच्या आतल्या वायरिंगसाठीच असतात. शेजारच्या इमारतीतल्या घड्याळापर्यंत ही तांब्याची केबल उघड्यावरून नेली, तर विजेचा लोट थेट राउटरच्या नियंत्रण कार्डात शिरण्याची वाट मोकळी होते. दोन इमारतींमध्ये वेळ न्यायचीच असेल, तर ती फायबरवरून न्यावी.

राउटरमध्ये दोन नियंत्रण कार्डे असतील, तर एकच सिग्नल दोन्ही कार्डांना पोहोचवण्यासाठी वाय आकाराची केबल वापरतात, म्हणजे एक कार्ड बंद पडले तरी दुसऱ्याची लय तुटत नाही. ही केबल उत्पादकाने त्या मॉडेलसाठी सांगितलेलीच घ्यावी. बाजारातला साधा दुभागणारा तुकडा लावला, तर इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा ओहममध्ये मोजला जाणारा विरोध, बिघडतो आणि पुढच्या परिच्छेदांत सांगितलेली सगळी दुखणी सुरू होतात.

गोल कनेक्टर आणि परावर्तनाचा प्रश्न

१० मेगाहर्ट्झ आणि १ पीपीएस यांचे छोटे गोल कनेक्टर पुष्कळ राउटरांवर डीआयएन १.०/२.३ या जातीचे असतात. ते दाबून बसवायचे असतात, आणि नीट बसल्याचा क्लिक हाताला जाणवतो. त्यांना ५० ओहमची कोॲक्स लागते. अडचण अशी की, दूरसंचाराच्या साइटवर ई१ साठी आणलेल्या ७५ ओहमच्या कोॲक्सची रिळे सहज मिळतात, ती दिसायला जवळपास तशीच असते, आणि तिच्यावर हेच कनेक्टर क्रिम्पही करता येतात. ५० ओहमच्या यंत्रणेत ७५ ओहमची केबल आली, तर प्रत्येक सांध्यावर व्होल्टेजचा एक पंचमांश भाग मागे फिरतो. १० मेगाहर्ट्झच्या अखंड लाटेला हे बहुधा पचते. १ पीपीएस मात्र दर सेकंदाला एकदाच येणारी कडा आहे. ती कडा ज्या क्षणी ठरावीक व्होल्टेज ओलांडते, तो क्षण म्हणजे सेकंदाची सुरुवात. परावर्तनामुळे त्या कडेत पायरी तयार झाली, तर सेकंद केव्हा सुरू झाला याचा निर्णयच डळमळतो.

एका १ पीपीएस आउटपुटला टी-जोड लावून दोन राउटरांना सिग्नल द्यायचा, हाही असाच नडणारा शॉर्टकट आहे. दोन्ही राउटरांच्या इनपुटवर ५० ओहमचे टर्मिनेशन असेल, तर घड्याळाला समोर २५ ओहम दिसतात आणि कडेची उंची घटते. कधी ती पुरते, कधी पुरत नाही, आणि उन्हाळ्यात उपकरण तापले की काठावरचा सिग्नल अधूनमधून हुकू लागतो. अशा ठिकाणी सिग्नल वाटून देणारा ॲम्प्लिफायरच बसवायला हवा. तो महाग वाटतो हे खरे, पण अधूनमधून येणारा दोष शोधत बसण्यापेक्षा तो कधीही स्वस्त पडतो, असे माझे ठाम मत आहे.

आता लांबी. घन पॉलिथिलीन असलेल्या आरजी-५८ जातीच्या कोॲक्समधून सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जातो, म्हणजे प्रत्येक मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. १ पीपीएसची केबल १० मीटर असेल, तर राउटरचा प्रत्येक सेकंद ५० नॅनोसेकंद उशिरा सुरू होतो. हा उशीर कायम तेवढाच राहतो, म्हणून तो मोजून राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये भरता येतो. १० मेगाहर्ट्झच्या केबलला मात्र लांबीचे बंधन या अर्थाने नाही, कारण लय पाच नॅनोसेकंद उशिरा पोहोचली काय किंवा पाचशे, ठोक्यांमधले अंतर तेच राहते. दोन केबल एकाच रिळातून कापलेल्या, एकाच जातीचे कनेक्टर लावलेल्या आणि शेजारी-शेजारी बसणाऱ्या असल्या, तरी एकीची लांबी नोंदवणे सक्तीचे आहे आणि दुसरीची नाही, हा भेद जोडणाऱ्याच्या डोक्यात पक्का हवा.

लय आणि सम एकाच घड्याळातून यायला हव्यात, हा नियमही येथेच सांगतो. १० मेगाहर्ट्झ इमारतीच्या जुन्या रुबिडियम घड्याळातून आणि १ पीपीएस गच्चीवरच्या जीपीएस रिसीव्हरमधून घेतला, तर दोन्ही सिग्नल आपापल्या जागी निर्दोष असूनही एकमेकांच्या तुलनेत हळूहळू सरकत राहतात, आणि राउटर त्यांच्यात समेट करत बसतो.

टीओडीची केबल पुन्हा लॅनसारख्या सॉकेटची असते, आणि तिच्यातून साध्या सीरियल पद्धतीने, बहुधा ९६०० बॉडच्या वेगाने, तारीख आणि वेळ सांगणारा मजकूर जातो. तिला नॅनोसेकंदांची चिंता नसते, कारण नेमका क्षण १ पीपीएस दाखवतो. ही केबल फक्त त्या क्षणाचे नाव सांगते. म्हणून येथे चूक झाली तर ती पूर्ण सेकंदांची होते. संदेश नुकत्याच होऊन गेलेल्या कडेबद्दल आहे की येणाऱ्या कडेबद्दल, हे दोन्हीकडे सारखे ठरलेले नसेल, तर वेळ बरोबर एक सेकंदाने चुकते. जीपीएसची स्वतःची वेळ ६ जानेवारी १९८० पासून लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जोडला जाणारा जादा सेकंद) न धरता मोजली जाते, आणि ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. पीटीपी ही नेटवर्कवरून संदेशांतून वेळ पोहोचवण्याची पद्धत ज्या अणुघड्याळी वेळेवर चालते, ती यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला जोडला गेला. घड्याळ जीपीएस वेळ पाठवत असेल आणि राउटर तिला यूटीसी समजत असेल, तर १८ सेकंदांची चूक होते. गंमत अशी की ५जीची फ्रेम १० मिलिसेकंदांची असल्याने पूर्ण सेकंदांच्या चुकीतही फ्रेमची सुरुवात जुळलेलीच दिसते. फ्रेमचे क्रमांक मात्र दर १०.२४ सेकंदांनी नव्याने सुरू होत असल्याने शेजाऱ्यांशी जुळत नाहीत. वरवरच्या तपासणीत ही चूक सापडत नाही, ती याचमुळे.

गच्चीवरून येणारी केबल

ज्या राउटरात उपग्रहाचा रिसीव्हर आतच असतो, त्याला बिट्सही लागत नाही आणि १ पीपीएसही. गच्चीवरच्या अँटेनापासून आलेली एकच कोॲक्स त्याच्या एसएमए पोर्टाला जोडली की पुरते. दिसायला हे सर्वांत सोपे जोडकाम आहे, पण माझ्या मते सर्वांत जास्त काळजी याच केबलची घ्यावी लागते.

जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल जमिनीपर्यंत पोहोचेपर्यंत उणे १३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे अत्यंत क्षीण झालेला असतो. अँटेनाच्या आत बसवलेला ॲम्प्लिफायर तो वाढवतो, आणि त्या ॲम्प्लिफायरला लागणारी वीज राउटरच त्याच कोॲक्समधून, बहुधा ५ व्होल्ट डीसी देऊन पुरवतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, केबल कोठे शॉर्ट झाली असेल तर अँटेना मुकी होते आणि राउटरवर अँटेनाच्या विजेचा दोष दिसतो. दोन, वाटेत बसवलेला प्रत्येक भाग, मग तो आकाशातल्या विजेपासून वाचवणारा अरेस्टर असो वा सिग्नल दुभागणारा स्प्लिटर, डीसी पुढे जाऊ देणारा असला पाहिजे. डीसी अडवणारा अरेस्टर बसवला तर तो विजेपासून राउटरला वाचवतो, पण अँटेना चालूच होत नाही.

केबलची जात ठरवताना तोटा आणि उशीर हे दोन्ही पाहावे लागतात. समजा, गच्चीपासून रॅकपर्यंत ४० मीटर अंतर आहे. एलएमआर-४०० जातीच्या जाड केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला ४० मीटरला साधारण ७ डीबी तोटा होतो, तर आरजी-५८ मध्ये तो २० डीबीहून अधिक होतो आणि अँटेनाच्या ॲम्प्लिफायरने कमावलेले बरेचसे वाटेतच गमावले जाते. एलएमआर-४०० मध्ये वेग प्रकाशाच्या ८५ टक्के असल्याने दर मीटरला ३.९ नॅनोसेकंद, म्हणजे ४० मीटरला सुमारे १५७ नॅनोसेकंद लागतात; आरजी-५८ मध्ये तेच २०२ होतात. हा उशीर रिसीव्हरला स्वतःहून कळू शकत नाही. रिसीव्हर स्वतःची जागा उपग्रहांवरून काढतो, तेव्हा त्याला जी जागा मिळते ती अँटेनाची असते, कारण सर्वच उपग्रहांचे सिग्नल त्या केबलमध्ये सारखेच रेंगाळतात; ठिकाण बिनचूक येते आणि वेळ तेवढी १५७ नॅनोसेकंद मागे पडते. मूळ घड्याळाला दिलेली १०० नॅनोसेकंदांची मर्यादा एवढ्यानेच ओलांडली जाते.

उपाय साधा आहे: केबलचा उशीर मोजायचा किंवा लांबीवरून काढायचा आणि कॉन्फिगरेशनमध्ये भरायचा. पण आकडा कोणत्या चिन्हाने भरायचा, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. कोठे केबलचा उशीर धन आकड्याने मागतात, कोठे दुरुस्ती म्हणून ऋण आकडा मागतात. चिन्ह उलटे पडले, तर १५७ ची चूक शून्य होण्याऐवजी ३१४ होते, आणि तरीही पडद्यावर सर्व काही ठीकच दिसते. त्यामुळे मॅन्युअलमधले ते एक वाक्य शोधून वाचल्याशिवाय आकडा भरू नये.

प्रत्यक्ष जोडताना हाताला सांभाळायच्या काही गोष्टी आहेत. एलएमआर-४०० ही केबल जवळपास बोटाएवढी जाड आणि ताठ असते. तिचे वजन थेट राउटरच्या नाजूक एसएमए पोर्टावर आले, तर काही महिन्यांत तो पोर्ट ढिला होतो. म्हणून ती रॅकच्या बाजूला घट्ट बांधून, तेथून राउटरपर्यंत बारीक लवचिक केबलचा तुकडा घेतात, आणि त्या तुकड्याची लांबीही उशिरात धरतात. एसएमए कनेक्टर बसवताना फक्त बाहेरचा नट फिरवायचा; केबल पिळली तर मधली पिन सॉकेटमध्ये घासली जाते. लांब केबलमध्ये साठलेला विद्युतभार आधी काढून टाकावा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावावा, आणि शक्य असेल तेथे मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे राउटरची वीज बंद असताना जोडणी करावी. अरेस्टर केबल इमारतीत शिरते तेथेच बसवून तो साइटच्या अर्थ बारला आखूड, सरळ वायरने जोडायचा. मराठवाडा-विदर्भात मॉन्सूनपूर्व वळवाबरोबर येणाऱ्या विजा आणि कोकणातली खारी हवा यांचा विचार करता, आपल्याकडे अर्थिंग आणि गच्चीवरच्या सांध्यांवर ओढून गुंडाळायची रबरी टेप या दोन्हींत काटकसर करणे परवडणारे नाही. पाणी सांध्यात शिरले की आधी तोटा वाढतो, आणि पावसाळाभर उपग्रहांची संख्या कमी-जास्त होत राहते.

अँटेनाला आकाश मोकळे दिसायला हवे, पाण्याच्या टाकीची किंवा होर्डिंगची आड नको, हे सांगायला नकोच. जोडल्यावर रिसीव्हर आपली जागा सरासरीने पक्की करेपर्यंत काही तास थांबावे. पहिल्यांदा त्याला चार उपग्रह लागतात, पण जागा एकदा पक्की झाली की वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचे सिग्नल सुरुवातीपासून ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या एल५ पट्ट्यावर आणि एस पट्ट्यावर येतात. एल१ वरचा, म्हणजे जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा सिग्नल २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाला. त्यामुळे नाविक वापरायचे असेल, तर अँटेना, अरेस्टर आणि स्प्लिटर तिन्ही त्या पट्ट्याला चालणारे आहेत का, हे खरेदीच्या वेळीच पाहायला हवे.

केबल लागल्यानंतर

केबल जोडणे म्हणजे राउटरला वेळ ऐकवणे. कोणाचे ऐकायचे, हे वेगळे ठरवून द्यावे लागते. बहुतेक राउटरांना बिट्स, सिंक-ई म्हणजे इथरनेटच्या लिंकमधूनच मिळणारी लय, पीटीपी आणि उपग्रह असे अनेक पर्याय असतात, आणि प्रत्येकाला प्राधान्यक्रम व गुणवत्तेचा दर्जा असतो. ई१ सिग्नलमध्ये हा दर्जा सांगणारे चार बिट असतात: मूळ घड्याळासाठी ००१० आणि ‘माझ्यावर अवलंबून राहू नका’ यासाठी ११११. सिंक-ई मध्ये हाच दर्जा सेकंदाला एकदा संदेशातून येतो, आणि पाच सेकंद संदेश आला नाही तर तो स्रोत बाद धरला जातो. ‘माझ्यावर अवलंबून राहू नका’ हा संदेश फार मोलाचा आहे. दोन राउटर एकमेकांकडून लय घेऊ लागले, तर त्यांची लय एकमेकांच्या आधाराने भलतीकडे भरकटते. म्हणून ज्याच्याकडून लय घेतली, त्याच्या दिशेने राउटर ११११ पाठवतो.

नुसत्या २.०४८ मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये असा कोणताही संदेश नसतो, म्हणून त्याचा दर्जा हाताने भरावा लागतो. येथे सर्रास सर्वोच्च दर्जा भरला जातो, आणि मग मागच्या घड्याळाचा उपग्रह तुटून ते स्वतःच्या आठवणीवर चालू लागले, तरी राउटर त्यालाच सर्वोत्तम मानत राहतो. दर्जा घसरल्यावर आउटपुटच बंद करण्याची सोय मागच्या घड्याळात असेल, तर ती चालू करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. तांब्याच्या केबलसाठीच्या गिगाबिट एसएफपीबद्दलही, म्हणजे राउटरच्या पोर्टात खोचायच्या छोट्या मॉड्यूलबद्दलही, सावध राहावे: बहुतेक मॉड्यूलमधून सिंक-ई जातच नाही, डेटा मात्र सुरळीत जातो.

पुढे हीच वेळ पीटीपीच्या संदेशांतून फायबरवरून टॉवरांकडे जाते, तेव्हा लांबीचा प्रश्न वेगळ्या रूपात परत येतो. पीटीपी जाण्या-येण्याचा वेळ मोजते आणि दोन्ही दिशा सारख्या आहेत असे धरून त्याचे दोन भाग करते. फायबरमध्ये दर मीटरला सुमारे ४.९ नॅनोसेकंद लागतात. जोडीतल्या एका फायबरवर दुरुस्ती करताना १०० मीटरचे जास्तीचे वेटोळे घातले गेले, तर दोन दिशांत ४९० नॅनोसेकंदांचा फरक पडतो आणि वेळ त्याच्या निम्म्याने, २४५ नॅनोसेकंदांनी चुकते. वर सांगितलेल्या वाटणीत साऱ्या वाटेवरच्या असमानतेला मिळून २५० नॅनोसेकंद आहेत; ते या एका वेटोळ्याने जवळपास संपवले. म्हणूनच खोदकामात तुटलेले फायबर जोडून डेटा सुरू झाला, की टायमिंगच्या माणसाला कळवणे ही सौजन्याची बाब न राहता कामाचाच भाग व्हायला हवी.

आणि स्रोतच गेला तर? राउटर आपल्या आतल्या क्रिस्टलच्या भरवशावर चालतो, याला होल्डओव्हर म्हणतात. त्या क्रिस्टलची लय एक हजार कोटी भागांत एका भागाने जरी चुकत असली, तरी १.५ मायक्रोसेकंदांची पूर्ण सवलत चार तास दहा मिनिटांत संपते. स्रोत चालू असूनही चुकू शकतो, हे २६ जानेवारी २०१६ रोजी दिसले. एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवरून यूटीसीची दुरुस्ती सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची प्रसारित झाली, आणि जगभरच्या टायमिंग उपकरणांवर अलार्म वाजले. त्या दिवशी ज्यांच्या राउटरला उपग्रहाव्यतिरिक्त दुसरा स्वतंत्र स्रोत जोडलेला होता, त्यांना तुलना करायला काहीतरी हाताशी होते. म्हणून उपग्रहाची अँटेना असली तरी बिट्सची किंवा दूरच्या घड्याळावरून येणाऱ्या पीटीपीची जोडणी काढून टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जोडकाम संपल्यावर राउटरच्या पडद्यावरचे ‘लॉक’ पाहून न थांबता, राउटरच्या १ पीपीएस आउटपुटला पडताळलेल्या, वेगळ्या अँटेनावर चालणाऱ्या रिसीव्हरशी वेळ-अंतर मोजणाऱ्या काउंटरवर किमान एक दिवस ताडून पाहावे. मोजणीसाठी वापरलेल्या दोन्ही केबल सारख्या लांबीच्या असाव्यात, नाहीतर त्यांचाच फरक निकालात येतो. मग प्रत्येक टायमिंग केबलच्या दोन्ही टोकांना पट्टी लावून तिच्यावर केबलची जात, लांबी, मोजलेला उशीर, तो कॉन्फिगरेशनमध्ये कोणत्या चिन्हाने भरला आहे आणि तारीख, एवढे लिहावे. उद्या दुसऱ्या कोणी अँटेना दोन मजले वर हलवून नवी केबल टाकली, तर जुना आकडा बदलायचा आहे हे त्याला त्या पट्टीवरूनच कळेल.